मुफलिस आणि एके-४७ : सासरच्या तीन पत्तीत टिकायचं कसं?

मीठमोहरी

नमस्कार मंडळी. लग्न होऊन पुण्याहून नागपूरला आले. माहेरी पत्ते म्हणजे बदाम सात, मेंढीकोट आणि फार तर रमी. इथे सासरी (मानेवाडा) कोजागिरीला गच्चीवर दूध आटतं तेव्हा जी सतरंजी अंथरली जाते ती भाऊबिजेपर्यंत गुंडाळली जात नाही. खेळणाऱ्या मुख्यतः बायका: सासूबाई, दोन काकू आणि आत्याबाई. पुरुषमंडळी चहा करतात आणि मागे उभं राहून सल्ले देतात.

साधी तीन पत्ती मला येते. ट्रेल (तिन्ही पत्ते एकाच आकड्याचे), प्युअर सिक्वेन्स (ओळीतले, एकाच रंगाचे), सिक्वेन्स (नुसते ओळीतले), कलर (नुसते एका रंगाचे), पेअर (दोन सारखे), टॉप (यातलं काहीच नाही, मोठा पत्ता बघायचा) हा क्रम पाठ आहे. पण इथे ज्याची वाटणी तो प्रकार ठरवतो. आत्याबाईंची वाटणी आली की त्या पत्ते पिसता पिसता "मुफलिस" म्हणतात आणि धाकट्या काकूंची आली की "एके-४७". त्यानंतर माझ्या हातात काय आलंय, ते चांगलं की वाईट, हेच कळेनासं होतं. पेअर आली की आपोआप हसू येतं आणि सगळ्यांना कळतं.

पैसे नसतात, चिंचोके असतात. पण आत्याबाई रात्री ते मोजून डब्यात भरतात आणि कोण किती हरलं ते पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकवतात. तेव्हा जाणकारांनी नियम आणि डावपेच दोन्ही सांगावेत.

इतवारीचा_भाऊ

ताई, नागपुरात स्वागत आहे! घाबरून काहून राहिल्या? मुफलिसमधे फक्त एकच गोष्ट पालटते. शोच्या वेळी (शेवटी पत्ते उघडतात तेव्हा) ज्याचे पत्ते सगळ्यात हलके, डाव त्याचा. बूट (सुरुवातीला सगळ्यांनी टाकायचा हिस्सा) तोच, ब्लाइंड (पत्ते न पाहता खेळणं) तेच, चाल (आपल्या पाळीला टाकायचे चिंचोके) तीच.

म्हणजे ट्रेल आली तर डोक्याला हात लावायचा. पेअर, कलर, सिक्वेन्स सगळे भंगार. पाहिजे काय तर तीन वेगवेगळे छोटे पत्ते, रंग एक नको आणि ओळीत नको. सगळ्यात भारी हात २-३-५, रंग मिसळलेला. २-३-४ नाही चालत, ते सिक्वेन्स होऊन जाते. नवीन माणूस इथंच फसते. २-३-४ पाहून खूश होते अन् चाल वाढवत सुटते.

आता एक्का. आमच्या घरी एक्का मोठाच, म्हणजे मुफलिसमधे सगळ्यात वाईट पत्ता. काही घरी तो लहान धरतात, मग २-३-५ च्या जागी १-२-४ वर जाते. हे वाटायच्या आधी विचारून घ्या. डावाच्या मधात विचारलं की समजलं तुमच्या हातात एक्का आहे.

वांग्याचं_भरीत

साइड शोचं (दोघांनीच आपसात पत्ते ताडून पाहायचे, त्याचं) काय होतं मुफलिसमध्ये? आमच्याकडे दर वेळी यावरून भांडण.

इतवारीचा_भाऊ

भाऊ, तेच उलटं. तुम्ही चाल देऊन आधीच्या गड्याला साइड शो मागितला (दोघांनी पत्ते पाहिलेले पाहिजेत), त्यानं दिला, तर ज्याचे पत्ते मोठे तो पॅक (पत्ते टाकून डावाच्या बाहेर). दोघांचे सारखेच निघाले तर मागणारा पॅक. ज्याला मागितला त्याला नाही म्हणायचा हक्क आहे. शोमधे पण तसंच, बरोबरी झाली तर ज्यानं पैसे टाकून शो मागितला तो हरला. मुफलिसमधे बरोबरी जास्त होते, हे ध्यानात ठेवा. २-३-५ दोघांना येऊ शकते.

कडुनिंब

सणासुदीला घरातच जुगाराचे धडे. चिंचोक्यांवरून शंभराच्या नोटांवर यायला वेळ लागत नाही. आमच्या गल्लीत पाहिलेलं आहे, म्हणून लिहिलं. राग नसावा.

मीठमोहरी

राग कसला, मुद्दा खरा आहे. आमच्याकडे सासऱ्यांनी पहिल्यापासून पैशाला बंदी घातली आहे आणि आत्याबाईंना ती मान्य आहे, कारण पैशात त्यांना ऐकवायला मिळालं नसतं.

बेरीज_वजाबाकी

बँकेतून निवृत्त झालो, धरमपेठेत राहतो, वेळ भरपूर आहे. तेव्हा थोडं गणित. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा, पण मीठमोहरी, तुम्ही ओलांडू नका.

५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, पेअर ३,७४४ आणि उरलेले १६,४४० नुसते टॉप. (गंमत पाहा, प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ, तरी खाली. इंग्रजांच्या ब्रॅग या तीन पत्त्यांच्या खेळातही हाच क्रम आहे. कसिनोतल्या तीन पत्त्यांच्या पोकरमध्ये मात्र तो सुधारून घेतलाय.) म्हणजे चारातले तीन हात टॉपचे. मुफलिसचा सगळा खेळ या तीन हातांत आहे. नुसतं "माझ्याकडे पेअर नाही" यात आनंद मानण्यासारखं काही नाही, पेअर बहुतेकांकडे नसतेच.

आता टॉप कोणता यावरून मोजू. एक्का मोठा धरला आहे.

आठ किंवा त्याहून कमी टॉप: १,८०० हात, साधारण ८ टक्के.
नऊपर्यंत: ३,०००, म्हणजे साडेतेरा टक्के.
दहापर्यंत: ४,६२०, जवळपास २१ टक्के.
गुलामापर्यंत: ६,७२०, तीस टक्के.
राणीपर्यंत: ९,३६०, बेचाळीस टक्के.

आणि बरोबर मध्यावर कोणता हात येतो? बादशहा-९-८. तो किंवा त्याहून हलके असे ११,०४० हात, म्हणजे जवळजवळ नेमके अर्धे. समोर एकच गडी उरला आणि त्याने पत्ते पाहिलेले नसतील तर बादशहा टॉपसुद्धा अगदीच टाकाऊ नसतो. नवखा माणूस मुफलिसमध्ये बादशहा दिसला की लगेच पॅक करतो.

पण पाच जण बसले असतील तर सरासरीने दर डावात एकाकडे दहा किंवा कमी टॉप असतो. तुमच्याकडे गुलाम टॉप असेल तर बाकी चौघांपैकी कोणाकडेच दहापर्यंतचा टॉप नसण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आत आहे. म्हणून पाच जणांत गुलाम टॉपवर चाल वाढवू नये. आपल्या हातातली तीन पानं वजा केली की हे आकडे किंचित हलतात, पण सतरंजीवर बसून तेवढं कोण मोजतंय.

दूरदेशी

मूळचा नागपूरचाच, आता बाहेर असतो आणि इथे पोकर खेळतो. पोकरमध्ये मुफलिसचा सख्खा भाऊ आहे, "ड्यूस टू सेव्हन". पाच पत्त्यांचा, सगळ्यात हलका हात जिंकतो, एक्का मोठा, सिक्वेन्स आणि एकच रंग दोन्ही वाईट. तिथला सर्वोत्तम हात २-३-४-५-७. २-३-४-५-६ नाही, कारण तो ओळीत येतो. तुमच्या २-३-५ चं कारण तेच. "रॅझ"मध्ये मात्र एक्का लहान आणि ओळ-रंग मोजतच नाहीत, तिथे १-२-३-४-५ सर्वात भारी. म्हणजे एक्क्याचा वाद फक्त नागपुरातला नाही.

मोठा फरक एकच. तिकडे पत्ते बदलता येतात किंवा उघडे दिसतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. मुफलिसमध्ये पत्त्यांतून काहीच कळत नाही. कळतं ते फक्त कोण ब्लाइंड आहे, कोणी पत्ते कधी उचलले आणि उचलल्यावर किती टाकले यावरून.

इतवारीचा_भाऊ

अन् तोंडावरून! तोंड विसरून राहिले तुम्ही. ताईंनी वर लिहिलंच आहे. पेअर पाहून हसू येत असेल तर मुफलिसमधे ते हसू कामाचं आहे. एकदोन डाव २-५-७ वर पण तसंच हसा. बाकीचे समजतील पेअर आली, अन् चाल देत राहतील.

मीठमोहरी

😂 हे मी करणार.

पण ब्लाइंडचं गणित कोणीतरी नीट सांगा. आत्याबाई कधी पत्ते बघतच नाहीत! पाच-पाच फेऱ्या ब्लाइंड. आणि मी पत्ते पाहिलेले असल्यामुळे मला प्रत्येक वेळी दुप्पट. शो मागितला तर म्हणतात, "पाहणाऱ्याला आंधळ्याचा शो मागता येत नाही." हा नियम खरा की त्यांचा स्वतःचा?

बेरीज_वजाबाकी

नियम खरा आहे, बहुतेक घरांत असाच चालतो. समोरचा ब्लाइंड असेल तर पत्ते पाहिलेल्याला एक तर चाल देत राहायची किंवा पॅक करायचं. शो ब्लाइंडवाला मागू शकतो, तोही एकपट देऊन. आत्याबाईंचं अर्धं यश इथेच आहे.

पण त्यांचा हात म्हणजे डोळे मिटून उचललेले तीन पत्ते, ही तुमची बाजू. नव्याने पडणाऱ्या दर तीन चिंचोक्यांपैकी दोन तुमचे, एक त्यांचा. म्हणजे तीनांतून दोनदा जिंकत असाल तरच चाल देत राहण्यात फायदा. तुमचा हात वरच्या एक तृतीयांशात हवा. वरचे आकडे पाहा: गुलाम टॉपपर्यंत तीस टक्के. तेव्हा एकट्या ब्लाइंडविरुद्ध मुफलिसमध्ये गुलाम टॉपपर्यंत बिनधास्त चाल द्या, राणी टॉपला हात आखडता घ्या. साध्या तीन पत्तीत हीच रेषा एक्का-गुलामच्या आसपास येते, पेअर असलीच पाहिजे असं नाही. पॉटमध्ये आधीच पडलेले चिंचोके असतात, त्यामुळे पॅक करण्याची रेषा याहून थोडी ढिली. पॉट मोठा असेल तर आणखी ढिली.

काळा_कोट

अवांतर आहे, पण चिंचोक्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा आहे असं म्हटलं. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला जी सूट आहे ती त्यामुळे तीन पत्तीच्या वाट्याला येत नाही. ऑनलाइन पैसे लावून खेळण्याचं दार तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच केलं, तिथे कौशल्य की नशीब हा प्रश्नही उरला नाही. तेव्हा चिंचोकेच बरे.

बेरीज_वजाबाकी

न्यायालयाचा मान राखून: पत्ते नशिबाने येतात हे कबूल. पण कधी उचलायचे, कधी टाकायचे, किती द्यायचे हे जर नशीब असेल तर आत्याबाई दरवर्षी कशा जिंकतात?

काळा_कोट

याचिका आत्याबाईंनी दाखल करावी.

मीठमोहरी

काल रात्रीचा एक डाव सांगते, जाणकारांचं मत हवं आहे.

मुफलिस. बूट एक, पाच जणी, म्हणजे पॉटमध्ये पाच. सासूबाईंनी उचलून लगेच टाकले. दोन्ही काकूंनी एकेक ब्लाइंड टाकला आणि पुढच्या फेरीत पत्ते बघून पॅक केलं. सात झाले. मी पहिल्याच फेरीत पाहिले: बदाम दश्शी, किलवर छक्की, इस्पिकची चौकी. चेहरा भाऊंनी सांगितल्याप्रमाणे ठेवला. आत्याबाई ब्लाइंड एक, मी दोन. पुन्हा एक, पुन्हा दोन. मग त्यांनी पदराने चष्मा पुसला, पत्त्यांना हात न लावता दोन टाकले. मी चार. पॉट एकोणीस.

आता त्यांनी पत्ते उचलले. एक एक करून, टोकाकडून सरकवत, तिसरा पत्ता तर नखाएवढाच पाहिला. आणि आठ टाकले! कमीत कमी चार चालले असते. मला शो मागायला आठ लागणार होते. मी मागितला. त्यांच्याकडे ९-७-३.

माझं म्हणणं, मी शो मागायला नको होता का?

बेरीज_वजाबाकी

मागायलाच हवा होता. पॉटमध्ये सत्तावीस आणि तुम्हाला टाकायचे आठ. साधारण साडेचार वेळांतून एकदा जिंकलात तरी बरोबरी होते. १०-६-४ म्हणजे वरच्या सोळा टक्क्यांतला हात, आत्याबाई ब्लाइंड होत्या तोवर तुम्ही शंभरातून चौऱ्याऐंशी वेळा पुढे होतात. चाली एकूणएक बरोबर.

पाहण्यासारखं इतकंच की पत्ते उचलून जो टिकतो त्याचा हात मग डोळे मिटून उचललेला राहत नाही. एक्का, बादशहा, पेअर असती तर त्यांनी टाकले असते. चारच्या जागी आठ टाकले म्हणजे एक तर नऊपर्यंतचा टॉप किंवा शुद्ध थाप. थाप किती वेळा असते हे तुम्हीच दोन-चार कोजागिऱ्यांत ठरवाल. त्या आठवर तुम्ही पुन्हा चाल वाढवली असती तर मात्र मी टोकलं असतं.

आणि साइड शोबद्दल: तिघे-चौघे असताना ९, १०, गुलाम अशा मधल्या टॉपवर तो मागावा. ७ टॉपवर मागू नका, तुम्हाला चिंचोके देणाऱ्यालाच तुम्ही उठवून लावता.

वांग्याचं_भरीत

एके-४७ राहिलंच की हो.

इतवारीचा_भाऊ

एक्का, बादशहा, चौकी, सत्ती. चारही रंगाचे सगळे सोळा पत्ते जोकर. जोकर कोणताही पत्ता होते. क्रम नेहमीचा, भारी हात जिंकते. पहिल्यांदा खेळणारा पेअर पाहून उड्या मारते अन् शोमधे पाहते तर समोर तीन राण्या.

बेरीज_वजाबाकी

भाऊंनी सांगितलेल्या तीन राण्यांचा हिशेब देतो. एके-४७ मध्ये निदान एक जोकर येण्याची शक्यता जवळपास ६८ टक्के. दोन जोकर आले की तिसरा कोणताही असो, ट्रेल. एक जोकर आणि पेअर, तरी ट्रेल. सगळं धरून २२,१०० पैकी ५,७८० हात ट्रेलचे, २६ टक्के. साध्या तीन पत्तीत जितक्या वेळा पेअर किंवा त्याहून वरचं काही येतं तितक्याच वेळा इथे ट्रेल येते. पाच जणांत कोणाकडेच ट्रेल नाही असं पाचातून एखाद्या वेळीच घडतं.

म्हणून इथे पेअरला, कलरला किंमत नाही. ट्रेल कोणाची हेच बघायचं. आणि ट्रेली सगळ्या जवळजवळ सारख्या वेळा येतात: दुर्रीपासून राणीपर्यंत जे नऊ आकडे उरतात त्यांच्या प्रत्येकी ५८०, तिन्ही जोकर आले तर एक्क्यांची ट्रेल, तिच्या ५६०. त्यामुळे दुर्रीची किंवा तिर्रीची ट्रेल घेऊन पाच जणांत छाती पुढे काढू नये. नव्वीची किंवा वरची ट्रेल १३ टक्के वेळा येते. मुफलिसमध्ये नऊपर्यंतचा टॉप साडेतेरा टक्के होता, आठवतंय? दोन्हीकडे नऊ लक्षात ठेवा: मुफलिसमध्ये नऊ टॉप, एके-४७ मध्ये नव्वीची ट्रेल. तिथून पुढे पाच जणांतही चाल वाढवायला हरकत नाही.

एके-४७ मध्ये पत्ते लवकर पाहावेत असं माझं मत. भारी हात इतके येतात की बाकीचे पॅक करतच नाहीत, त्यामुळे ब्लाइंड राहून कोणाला घाबरवता येत नाही.

दूरदेशी

शेवटच्या वाक्याशी असहमत. पॅक कोणी करत नसेल तर अर्ध्या भावात पॉटमध्ये टिकणारा ब्लाइंडच स्वस्तात पडतो. पहिली फेरी तरी ब्लाइंड राहा.

बेरीज_वजाबाकी

पहिली फेरी मान्य. दुसरी नाही.

मीठमोहरी

काल धाकट्या काकू आणि सासूबाई दोघींकडे अठ्ठीची ट्रेल निघाली. काकूंच्या तीन अठ्ठ्या खऱ्या, सासूबाईंकडे एक अठ्ठी आणि दोन जोकर. शो काकूंनी मागितला होता. काकू म्हणतात खऱ्या पत्त्यांची ट्रेल वरचढ, सासूबाई म्हणतात शो मागणारा हरला. रात्री साडेबारापर्यंत हेच.

इतवारीचा_भाऊ

दोन्ही नियम चालतात. इतवारीत आमच्या घरी खरे पत्ते जिंकतात, माझ्या सासरी नंदनवनात शो मागणारा हरतो. तुमच्याकडे आधी ठरलं नव्हतं तर तो पॉट अर्धा-अर्धा करा, अन् आजपासून वाटणारा प्रकार सांगते तेव्हाच हे पण सांगायला लावा.

मीठमोहरी

अर्धा-अर्धा केला. एक चिंचोका उरला तो आत्याबाईंनी घेतला.

बरं, शेवटचं एक: हातात एक्का, बादशहा आणि राणी आली, एके-४७ आहे. ही सिक्वेन्स म्हणायची की राणीची ट्रेल?

इतवारीचा_भाऊ

ट्रेल, ताई. चाल द्या!